चुकीचे ई-चलन आणि शर्यतीचा आरोप: वाहनचालकाने आपली बाजू कशी मांडावी

गेल्या पावसाळ्यात माझ्या मोबाइलवर एक एसएमएस आला. ज्या शहरात मी त्या संपूर्ण महिन्यात पाऊलही ठेवले नव्हते, तिथल्या एका चौकात माझ्या स्कूटरने सिग्नल तोडल्याचे त्यात म्हटले होते. चलनाचा फोटो उघडून मोठा करून पाहिला, तेव्हा दिसली एक काळी मोटारसायकल; मागच्या सीटवर दोरीने आवळलेली गोणी, आणि नंबरप्लेटवरच्या शेवटच्या ‘८’ या आकड्याच्या डाव्या बाजूला बसलेला चिखल, ज्यामुळे तो आकडा ‘३’ वाचला गेला होता. मी रागाच्या भरात चार परिच्छेदांची तक्रार लिहिली, व्यवस्थेच्या कारभारावर बरेच काही सुनावले आणि स्वतःच्या आरसीची, म्हणजे वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्राची, प्रत जोडायला विसरलो. ती तक्रार फेटाळली गेली. दुसऱ्यांदा मी तीन ओळी लिहिल्या, चलनातला फोटो आणि माझ्या स्कूटरचा फोटो शेजारी शेजारी ठेवले, सोबत आरसी जोडली, आणि चलन रद्द झाले. तेव्हापासून नात्यातल्या आणि सोसायटीतल्या अनेकांना अशा तक्रारी लिहून दिल्या आहेत. त्या अनुभवातून जे हाती लागले, ते येथे क्रमाने मांडतो.

चालकांचा राग अकारण नाही, हे आधीच सांगायला हवे. केंद्राने मोटार वाहन कायद्यात २०१९ साली केलेल्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा अनेक पटींनी वाढल्या आणि महाराष्ट्रात त्या वाढीव रकमा डिसेंबर २०२१ पासून लागू झाल्या. महिन्याच्या कमाईवर घर चालवणाऱ्या रिक्षाचालकाला किंवा टेम्पोचालकाला एकाच आठवड्यात दोन चलने आली, तर त्याचे गणित कोलमडते, आणि त्यातले एखादे चुकीचे असेल तर त्याच्या मनात कायद्याविषयीच अविश्वास निर्माण होतो. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलनांच्या विरोधात संप केला, तो याच साचलेल्या संतापातून. त्याच सुमारास पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर वाहनांचे फोटो काढून नंतर सवडीने चलन तयार करण्यास मनाई करणारे परिपत्रक वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयाने काढले. म्हणजे चालक जे बोलत होते त्यात तथ्य होते.

रस्त्यावर अडवले असता

वाहन डाव्या बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि बोलण्याआधी समोरच्या व्यक्तीचा गणवेश व नावाची पट्टी पाहून घ्या. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास लायसन्स दाखवणे कायद्याच्या कलम १३० नुसार बंधनकारक आहे. मात्र ते कागदावर किंवा कार्डावरच असले पाहिजे असे नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या ॲपमधील लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी ग्राह्य धरण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. नेटवर्क नसलेल्या घाटात ॲप उघडत नाही, म्हणून ही कागदपत्रे आधीच डाउनलोड करून ठेवावीत.

त्यानंतर एकच प्रश्न शांतपणे विचारा: “साहेब, कोणत्या कलमाखाली चलन करताय?” या प्रश्नाने बरेच काही साधते. कलम सांगावे लागले की मोघम आरोपाला आकार येतो आणि आपल्याला नेमके कशाचे उत्तर द्यायचे आहे ते कळते. चलन यंत्रातूनच झाले पाहिजे आणि पैसे दिले तर पावती मिळालीच पाहिजे. “पावती नको असेल तर कमी करतो” असे कोणी म्हणाले, तर तो दंड राहत नाही, ती लाच असते, आणि तिची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या टोल फ्री क्रमांकावर करता येते.

गाडीची चावी काढून घेणे हा सर्वांत जास्त चिडवणारा प्रकार आहे. मोटार वाहन कायद्यात चावी हिसकावण्याचा अधिकार देणारे कलम नाही. लायसन्स जप्त करण्याचा अधिकार कलम २०६ मध्ये आणि वाहन अडकवून ठेवण्याचा कलम २०७ मध्ये आहे, पण तो ठरावीक कारणांसाठीच वापरता येतो. लायसन्स घेतले तर तात्पुरती पोच द्यावी लागते आणि ती पोच असेपर्यंत तुम्हाला वाहन चालवता येते. त्यामुळे लायसन्स देताना “पोच द्या, साहेब” एवढे म्हणायला संकोचू नये.

मात्र हे सगळे बोलताना आवाज चढवू नका आणि पोलिसाच्या अंगाला किंवा यंत्राला हात लावू नका. “३५३ लावीन” ही धमकी अजून ऐकू येते. सरकारी कर्मचाऱ्यावर कर्तव्य बजावताना हल्ला किंवा बळाचा वापर केल्याबद्दलचे, जुन्या दंडसंहितेतले ते कलम आता भारतीय न्याय संहितेत १३२ या क्रमांकाने आहे, आणि पाचशे रुपयांच्या वादातून त्या गुन्ह्यात अडकलेला माणूस पुढची काही वर्षे न्यायालयात खेटे घालतो. सार्वजनिक रस्त्यावर घडणाऱ्या घटनेचे चित्रीकरण करायचे असेल तर थोडे अंतर ठेवून, कामात अडथळा न आणता करावे. वेळ, चौकाचे नाव, पोलिसाचे नाव आणि जवळच्या दुकानाची पाटी या चार गोष्टी तिथेच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा, कारण दोन दिवसांनी आठवण दगा देते.

चलन आल्यावर आधी फोटो वाचा

एसएमएस आला की त्यातल्या दुव्यावर लगेच बोट ठेवू नका. ई-चलनाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे उघडताच मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, पाठवून मोबाइलचा ताबा घेणाऱ्या टोळ्या आहेत. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो, महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या अशा संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपमध्ये स्वतः जाऊन वाहन क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे भरले की प्रलंबित चलने दिसतात. प्रत्येक चलनासोबत पुराव्याचा फोटो असतो, तो त्याच दिवशी डाउनलोड करून ठेवा.

आता तो फोटो घाई न करता वाचा. नंबरप्लेटवरचा प्रत्येक आकडा आणि प्रत्येक अक्षर आपल्या आरसीशी जुळवा. वाहनाचा प्रकार, कंपनी, रंग, आरशांचा आकार, मागच्या दिव्याची ठेवण पाहा. सिग्नल तोडल्याचे चलन असेल तर फोटोत लाल दिवा आणि स्टॉप लाइन दोन्ही दिसतात का? नो पार्किंगचे असेल तर फलक दिसतो का, आणि पी-१, पी-२ च्या सम-विषम तारखांप्रमाणे त्या दिवशी ती बाजू खरोखरच बंद होती का? हेल्मेटच्या चलनात कधीकधी मागे बसलेल्याचे डोके चालकाचे म्हणून धरले जाते, पण हेल्मेट दोघांनाही बंधनकारक असल्याने तो मुद्दा काढून फारसे हाती लागत नाही.

वेगाच्या चलनाचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि बोरघाटात ती बरीच खाली येते. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० पर्यंत मुभा आहे. एकाच प्रवासात मर्यादा अशी बदलत असल्याने चलनातील ठिकाण आणि तिथली मर्यादा यांचा मेळ बसतो का, हे आधी तपासावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये समाविष्ट झालेला नियम १६७-अ येथे चालकाच्या सर्वांत उपयोगाचा आहे. या नियमानुसार कॅमेरा किंवा वेगमापक यंत्राला मान्यता प्रमाणपत्र असावे लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे लागते. अशा यंत्रांच्या क्षेत्रात प्रवेश करण्यापूर्वी चालकांना सावध करणारे फलक असावे लागतात. नोटिशीत उल्लंघन व नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, यंत्राने मोजलेले प्रमाण, तारीख, वेळ, ठिकाण आणि लागू केलेले कलम असावे लागते. आणि नोटीस उल्लंघन घडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत पाठवायची असते. यांपैकी जे तुमच्या चलनात नाही, तेच तुमच्या तक्रारीचा गाभा ठरते.

यंत्राचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयापुरता अर्ज करावा लागतो. “अमुक तारखेला अमुक ठिकाणी कार्यरत असलेल्या वेगमापक यंत्राच्या मान्यता प्रमाणपत्राची प्रत द्यावी” एवढेच मागा. “कॅमेरे चुकीचे का आहेत” असे विचारलेत तर उत्तर मिळणार नाही, कारण या कायद्याखाली उपलब्ध कागद मागता येतो, खुलासा मागता येत नाही. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते, म्हणून हा अर्ज चलन आल्याच्या आठवड्यातच टाकावा.

पुरावा आणि अर्ज

वाहन त्या वेळी दुसरीकडे होते, हे सिद्ध करण्यासाठी आपल्याकडे वाटते त्याहून अधिक पुरावे असतात. फास्टॅगच्या खात्यात प्रत्येक नाक्याची वेळ नोंदलेली असते. पेट्रोल पंपाची पावती, गॅरेजचे जॉब कार्ड, मॉलच्या पार्किंगची चिठ्ठी, सोसायटीच्या फाटकावरचे चित्रीकरण, डॅशकॅमची फीत, यांतले जे असेल ते काढा. सोसायटीचे चित्रीकरण बहुधा काही आठवड्यांत पुसले जाते, त्यामुळे सचिवांना लगेच सांगून तेवढा भाग जतन करून घ्यावा. चलन जर स्वतःच्याच वाहनाचे पण चालक दुसराच असेल, तर नोंदणीकृत मालकाला कलम १३३ नुसार त्या चालकाची माहिती द्यावी लागते. गाडी विकूनही आरसी हस्तांतर न केलेल्या अनेकांना नवीन मालकाची चलने येत राहतात, त्यांनी आधी हस्तांतराचे फॉर्म २९ व ३० मार्गी लावावेत.

ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर चलन निवडून ‘ग्रिव्हन्स’ म्हणजे तक्रार नोंदवण्याची सोय आहे. तिथे लिहायचा मजकूर मी साधारण असा ठेवतो:

“चलन क्रमांक … , दिनांक … . सदर चलनाच्या फोटोतील वाहन काळ्या रंगाची मोटारसायकल असून माझे वाहन पांढऱ्या रंगाची स्कूटर आहे. फोटोतील नंबरप्लेटचा शेवटचा आकडा चिखलामुळे अस्पष्ट असून तो ८ असल्याचे मोठे करून पाहिल्यास दिसते. आरसीची प्रत, माझ्या वाहनाचा फोटो व चलनातील फोटो सोबत जोडले आहेत. कृपया चलन रद्द करावे.”

यात राग नाही, उपदेश नाही आणि विनवणीही नाही. रोज शेकडो तक्रारी वाचणाऱ्या माणसाला अर्ध्या मिनिटात खात्री पटेल असा हा मजकूर असावा लागतो. तक्रार नोंदवल्याचा क्रमांक जपून ठेवा आणि निर्णय होईपर्यंत दंड भरू नका, कारण भरलेला दंड म्हणजे आरोप मान्य असल्याची नोंद होते. आपल्या क्रमांकाची बनावट प्लेट कोणी वापरत असल्याचे दिसत असेल, तर केवळ चलन रद्द करून थांबू नका. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या आणि तिची प्रत आरटीओकडे द्या, अन्यथा उद्या त्या वाहनाने अपघात केला तरी पोलीस तुमच्याच दारात येतील.

तक्रार फेटाळली तर

तक्रार फेटाळली गेली म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे. चलनावर किंवा नोटिशीवर छापलेली मुदत पाहून त्या मुदतीतच पुढचे पाऊल टाका. वरिष्ठांकडे, म्हणजे शहरात वाहतूक शाखेच्या उपायुक्तांकडे, लेखी दाद मागता येते. त्यानेही काम झाले नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे “गुन्हा मान्य नाही” असे सांगण्याचा पर्याय प्रत्येकाला आहे. असे सांगितल्यावर आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षावर येते आणि फोटोपासून यंत्राच्या प्रमाणपत्रापर्यंतचे सगळे त्यांना न्यायालयापुढे आणावे लागते. छोट्या रकमेसाठी एक-दोन दिवसांची मजुरी बुडवणे परवडत नाही, हे खरे आहे. व्यवस्थेतला माझ्या मते सर्वांत मोठा अन्याय हाच आहे, की निर्दोष माणसालाही दंड भरणे स्वस्त पडते. म्हणून पहिल्या तक्रारीवरच सगळी मेहनत घ्यावी.

लोकअदालतीची नोटीस आली की बरेच जण सुटकेचा निःश्वास टाकतात. तिथे फी नसते आणि प्रकरण एका दिवसात मिटते, पण लोकअदालत तडजोडीसाठी असते; तिथे तुमची चूक होती की नव्हती याचा निवाडा होत नाही, आणि तिच्या निवाड्यावर अपीलही करता येत नाही. चलन खरे असेल आणि रक्कम साचली असेल तर तिथे जरूर जावे. चलन खोटे असेल तर मात्र तक्रारीचा आणि न्यायालयाचाच मार्ग धरावा.

फार जुन्या चलनांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ नुसार केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाला सहा महिन्यांनंतर, आणि एक वर्षापर्यंतच्या कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची एक वर्षानंतर, सर्वसाधारणपणे घेता येत नाही. तीन-चार वर्षांपूर्वीचे चलन अचानक दाखवून रस्त्यातच पैसे भरण्याचा आग्रह झाला, तर ते प्रकरण न्यायालयात कधी दाखल झाले याची विचारणा करावी. दखल मुदतीत घेतली गेली असेल तर मात्र हा मुद्दा चालत नाही.

शर्यतीचा आरोप

रस्त्यावरच्या शर्यतींविषयी माझे मत स्पष्ट आहे: त्या बंदच झाल्या पाहिजेत. वांद्रे रेक्लमेशन, मरीन ड्राइव्ह, पश्चिम द्रुतगती मार्ग किंवा नवी मुंबईचा पाम बीच रस्ता येथे शनिवारी रात्री सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलींचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या कायद्याची गरज पटवून द्यावी लागत नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला कलम १९९-अ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दोन जणांचा जीव गेल्यावर हे कलम घराघरांत माहीत झाले.

माझा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे. रविवारी पहाटे ताम्हिणी किंवा माळशेज घाटाकडे मर्यादेत जाणाऱ्या दहा-बारा मोटारसायकलींच्या गटाला, केवळ गाड्या मोठ्या आहेत आणि अंगावर रायडिंग जॅकेट आहे म्हणून, शर्यत लावणारे समजून अडवले जाते. अशा वेळी कलम १८९ चे शब्द माहीत असावेत. राज्य सरकारच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे, तिच्यात भाग घेणे किंवा ती होऊ देणे, हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा घडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे वेगमर्यादा ओलांडणे हा कलम १८३ चा विषय आहे, धोकादायक चालवणे हा १८४ चा, आणि शर्यतीसाठी स्पर्धा किंवा चाचणी असल्याचे दिसावे लागते. दुसरीकडे, ‘सार्वजनिक ठिकाण’ याची व्याख्या रुंद आहे: लोकांना जाण्याचा हक्क असलेला कोणताही रस्ता तिच्यात येतो, त्यामुळे रात्री ओस पडणारा एमआयडीसीतला रस्ता मोकळा आहे म्हणून तिथे गाड्या पळवणे हा बचाव होत नाही.

गटाने फिरणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच कराव्यात. मार्ग, थांबे, निघण्याची वेळ आणि सहभागींची यादी लिहून ठेवा; गट मोठा असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र देऊन पोच घ्या. कोण किती वेळात पोचला याची नोंद, घड्याळ लावून केलेली फेरी, वेगमापकाच्या काट्याचे इन्स्टाग्रामवर टाकलेले चित्रीकरण, हे सगळे शर्यतीचा पुरावा म्हणून तुमच्याच विरुद्ध वापरले जाऊ शकते. सायलेन्सर कंपनीचाच ठेवा, कारण बदललेल्या भागासाठी कलम १८२-अ आणि आवाजाच्या मानकांसाठी कलम १९०(२) स्वतंत्रपणे लागते, आणि कर्कश आवाज ऐकल्यावर तुम्ही शर्यतीत नव्हता यावर कोणी सहज विश्वास ठेवत नाही.

तरीही आरोप झालाच, तर जागेवर तडजोड रक्कम, म्हणजे खटल्याऐवजी भरायची दंडाची रक्कम, भरून मोकळे होण्याचा मोह आवरा. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०० मध्ये अशी तरतूद आली आहे, की तडजोड झालेला गुन्हाही पुढच्या वेळी ‘पूर्वी केलेला गुन्हा’ म्हणून मोजला जातो. आज पटकन सुटण्यासाठी न केलेली शर्यत मान्य केलीत, तर पुढच्या वर्षी तोच आरोप दुसऱ्यांदा केलेल्या गुन्ह्याच्या शिक्षेसह येतो. त्याऐवजी कलम लिहून घ्या, गटातल्या प्रत्येकाच्या ॲक्शन कॅमेऱ्यातील त्या तासाची फीत मूळ स्वरूपात, काटछाट न करता, जतन करा आणि वकिलाशी बोलूनच उत्तर द्या.

ज्यांना खरोखर वेगाची ओढ आहे, त्यांच्यासाठी वैध जागा आहेत. कोल्हापूरजवळ मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक येथे एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेच्या परवान्यावर स्पर्धेत उतरता येते. खर्च होतो, पण तिथे वळणावर वाळूचा पट्टा असतो, रुग्णवाहिका उभी असते आणि समोरून दुधाचा टेम्पो येत नाही.